चित्राचें मोजमाप

दूरदर्शनाचें चित्र आपण नित्य पाहतों. परंतु चित्रही तराजूंतल्या धान्याप्रमाणें मोजून द्यावें लागतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें. पुढें वरळीहून निघालेलीं चित्रें डोंबिवलीच्या छपरांवरील अँटेना टिपूं लागल्या. वरळीस जें पांढरें, तेंच आपल्या घरींही पांढरें कसें दिसावें? याचें उत्तर मोजमापांत आहे.

जुन्या संचांत सबंध चित्र एकदम उमटत नसे. आपण वहींत लिहितों त्याप्रमाणें नळींतील किरण डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रेखीत जाई. आपल्या देशानें स्वीकारलेल्या पद्धतींत एका चित्रास ६२५ ओळी, व सेकंदास २५ चित्रें; म्हणजे सेकंदास १५,६२५ ओळी. अर्थात् एका ओळीच्या वांट्यास ६४ मायक्रोसेकंद येत. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पैकीं ५२ चित्राचे, व उरलेले १२ किरणानें डाव्या कडेस परतण्याचे. त्या परतीच्या वेळीं पडदा काळा ठेवावा लागे. त्यास ‘ब्लँकिंग’ म्हणतात.

आतां विजेचा दाब पाहूं. संकेताचें माप खालच्या टोंकापासून वरच्या टोंकापर्यंत एक व्होल्ट असतें. काळ्या रंगाची पातळी शून्य मानिली, तर शुभ्राची ०.७ व्होल्ट; सर्व करड्या छटा या दोहोंमध्यें. शून्याच्या खालीं ०.३ व्होल्टपर्यंत जो ठोका दिला जातो, तो ‘सिंक’. तो काळ्याहूनही खालीं असल्यानें डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु नवी ओळ केव्हां सुरू करावी, हें संचास त्यावरूनच कळतें. शाळेची घंटा धडा शिकवीत नाहीं, पण तिच्यावांचून तासही चालत नाहींत. सिंक क्षीण झाला कीं चित्र तिरकें फाटतें, किंवा वरखालीं सरकूं लागतें.

डोळ्यांस बरें दिसतें म्हणून केंद्रावर शुभ्राची मर्यादा ओलांडली, तर पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या नाहींशा होतात. आणि तेथें गेलेली चुणी घरच्या कोणत्याही कळीनें परत येत नाहीं. म्हणून केंद्रांत ही पातळी आलेख दाखविणाऱ्या यंत्रावर पाहतात. मात्र मोजणाराही सावध हवा. तारेच्या शेवटीं ७५ ओहमचा रोध जोडलेला असावा लागतो. तो नसेल तर एका व्होल्टाचे जवळजवळ दोन दिसतात. चुकून दोन जोडले तर दोन-तृतीयांशच उरतो. संकेत निर्दोष, पण माप खोटें. आणि त्या मापावर विसंबून संकेत ‘सुधारूं’ गेल्यास तोच बिघडतो!

१९८२ सालीं आपल्याकडे रंग आला, आणि आतां चित्र आंकड्यांच्या रूपानें येतें. तरी नियम तोच. आठ अंशांच्या प्रचलित पद्धतींत काळ्यास १६ व शुभ्रास २३५ हे आंकडे ठरलेले आहेत. साधनें बदललीं, परंतु देणाऱ्याचें आणि घेणाऱ्याचें माप एक असावें, ही गरज बदलली नाहीं.