गाण्यांच्या हक्कांत गुंतवणूक: लंडनमधील एका फंडाने शिकवलेले गणित

लंडन शेअर बाजारात जुलै २०१८ मध्ये एका आगळ्या फंडाची नोंदणी झाली. त्याच्याकडे ना कारखाने होते, ना इमारती. गुंतवणूकदारांकडून उभारलेल्या सुमारे २० कोटी पौंडांतून तो फक्त गाण्यांचे हक्क विकत घेणार होता. हिप्नोसिस साँग्ज फंड हे त्याचे नाव. संस्थापक मर्क मर्क्युरियाडिस यांनी पूर्वी एल्टन जॉन आणि बियॉन्से यांच्यासारख्या कलावंतांचे व्यवस्थापन सांभाळले होते. लोकप्रिय गाणे सोने किंवा तेल यांच्यापेक्षाही भरवशाचे असते. कारण मंदी आली तरी लोक गाणी ऐकणे थांबवत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे नील यंग, शकीरा यांच्या गाण्यांसह सुमारे ६५ हजार गाण्यांतील हक्क या फंडाकडे आले. मात्र सहाच वर्षांत, २०२४ मध्ये, ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने तो सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घेतला आणि शेअर बाजारातील त्याचा प्रवास संपला. लोकांनी गाणी ऐकणे तर थांबवले नव्हते. मग चुकले कुठे?

एका गाण्यात दोन मालमत्ता

कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन स्वतंत्र मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही पहिली. तिचे हक्क गीतकार-संगीतकारांकडे किंवा त्यांच्या प्रकाशन कंपनीकडे असतात. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही दुसरी, आणि ती बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असते. गाणे स्ट्रीमिंगवर ऐकले गेले किंवा जाहिरातीत वापरले गेले, की दोन्ही हक्कधारकांना वेगवेगळा मोबदला, म्हणजे रॉयल्टी, मिळतो. हिप्नोसिसची खरेदी मुख्यत्वे पहिल्या प्रकारातील होती.

या उत्पन्नावर पैसा उभारण्याची कल्पना नवी नाही. १९९७ मध्ये डेव्हिड बोवी यांनी आपल्या जुन्या गाण्यांच्या भावी उत्पन्नावर ५.५ कोटी डॉलरचे रोखे काढले; त्यांवर ७.९ टक्के व्याज होते. त्यानंतर इंटरनेटवर गाणी फुकट मिळू लागली, सीडीची विक्री घसरली आणि २००४ मध्ये मूडीज या संस्थेने त्या रोख्यांचे मानांकन गुंतवणूकयोग्य श्रेणीच्या सर्वांत खालच्या पायरीवर आणून ठेवले. रोख्यांची परतफेड २००७ मध्ये पूर्ण झाली खरी. पण तंत्रज्ञान बदलले की गाण्याचे उत्पन्न किती डळमळते, हे त्या दहा वर्षांत दिसून आले.

स्ट्रीमिंगचा हिशेब

स्ट्रीमिंगमुळे हे उत्पन्न पुन्हा उभे राहिले आणि प्रथमच बारकाईने मोजताही येऊ लागले. स्पॉटिफाय आपल्या महसुलापैकी साधारण दोन तृतीयांश वाटा हक्कधारकांना देते. मात्र दर वेळी गाणे ऐकण्याचा कोणताही ठरावीक भाव नसतो. वर्गणी आणि जाहिराती यांतून जमलेल्या निधीची वाटणी, एकूण ऐकण्यात त्या गाण्याचा हिस्सा किती, यावरून होते. एखादे गाणे पूर्वीइतकेच ऐकले जात असेल, पण एकूण ऐकणे निधीपेक्षा वेगाने वाढत असेल, तर त्या गाण्याची कमाई घटते. शिवाय २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत किमान १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला स्पॉटिफायकडून काहीच मिळत नाही.

व्याजदराचा फास

हक्कांची किंमत बहुधा वार्षिक उत्पन्नाच्या पटीत ठरते. समजा, एका गीतसंग्रहाचे वार्षिक उत्पन्न १०० पौंड आहे आणि तो अठरा पट किमतीला, म्हणजे १,८०० पौंडांना घेतला, तर परतावा साधारण ५.५ टक्के पडतो. बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर ०.१ टक्का असताना, म्हणजे २०२० आणि २०२१ मध्ये, हा परतावा आकर्षक होता. ऑगस्ट २०२३ पर्यंत तो दर ५.२५ टक्क्यांवर गेला. सरकारी रोख्यांत जवळपास तेवढेच व्याज मिळू लागल्यावर गाण्यांतील जोखीम घेणारा गुंतवणूकदार ८ टक्के मागणार. गाण्याचे उत्पन्न एका पौंडानेही न घटता त्याच संग्रहाची किंमत १,२५० पौंडांवर येते.

हिप्नोसिसच्या बाबतीत यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अपेक्षित येणे कमी झाल्याने जाहीर केलेला लाभांश मागे घ्यावा लागला. त्याच्या आदल्या महिन्यात २९ गीतसंग्रह ४४ कोटी डॉलरना विकण्याचा प्रस्ताव आला होता. पण घेणारी संस्था फंडाच्याच सल्लागार कंपनीकडून चालवली जाणारी आणि ब्लॅकस्टोनचे पाठबळ असलेली होती. विकणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही सल्ला एकाचाच, हे भागधारकांना रुचले नाही. त्यांनी प्रस्ताव फेटाळला आणि फंड आहे तसा चालू ठेवण्याविरुद्ध मोठ्या बहुमताने कौल दिला. २०२४ मध्ये स्वतंत्र मूल्यांकन झाले, तेव्हा संग्रहाची किंमत आधीच्या आकड्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांश कमी भरली. अखेर भागधारकांना प्रत्येक समभागामागे १.३० डॉलर मिळाले, म्हणजे २०१८ मध्ये भरलेल्या एका पौंडाच्या जवळपास.

नळ बसवणारे उद्योजक

संगीत आणि तंत्रज्ञान यांच्या संगमावर मालकीखेरीज दुसरीही वाट आहे. स्वीडिश उद्योजक विलार्ड आड्रिट्झ यांनी २००० मध्ये स्थापन केलेली कोबाल्ट ही कंपनी गाणी स्वतःच्या मालकीची करण्याऐवजी, देशोदेशी विखुरलेली रॉयल्टी गोळा करून तिचा हिशेब कलावंताला संगणकावर दाखवू लागली. २०१५ मध्ये गूगलच्या गुंतवणूक शाखेने तिच्यात पैसे घातले. अशा सेवेचे उत्पन्न प्रामुख्याने वसुलीवरील मोबदल्यातून येते. गाण्याच्या बाजारभावातील चढउताराची झळ तिला मालकाइतकी थेट बसत नाही.

भारतीय आणि मराठी गाण्यांचे काय?

परदेशस्थ मराठी गुंतवणूकदाराला आपल्या भाषेतील गाण्यांची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. मात्र भारतातील कायदा वेगळा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीत-संगीताच्या रॉयल्टीतील समान वाटा गीतकार-संगीतकारांना सोडून देता येत नाही. त्यामुळे ‘सर्व हक्क’ विकत घेतल्याचा दावा करारात असला, तरी उत्पन्नाचा तेवढा भाग खरेदीदाराचा नसतो.

मुदतीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचे संरक्षण प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकते, तर शब्द आणि चाल यांचे संबंधित निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रथम प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’चे उदाहरण बोलके आहे. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले, त्यामुळे शब्दांवरील हक्क २०३७ च्या अखेरीपर्यंत राहतील. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चालीवरील हक्क २०६२ पर्यंत. एकाच कलाकृतीच्या दोन अंगांत २५ वर्षांचे अंतर पडते.

समभागांचा मार्ग खुला आहे. जुन्या ग्रामोफोन कंपनीची वारसदार असलेली सारेगामा भारतीय शेअर बाजारात नोंदलेली आहे. परंतु तिचा समभाग घेणारा जुन्या गाण्यांबरोबरच चित्रपटनिर्मिती आणि उपकरणविक्रीचीही जोखीम घेत असतो.

गाण्यांच्या उत्पन्नात वाटा देऊ करणारे मंच आज इंटरनेटवरही आहेत. तेथे पैसे गुंतवण्यापूर्वी चार गोष्टी लेखी स्वरूपात मागाव्यात: हक्क शब्द-चालीचा की ध्वनिमुद्रणाचा, त्याची मुदत कोणत्या देशात कधी संपते, गेल्या किमान तीन वर्षांचे प्रत्यक्ष उत्पन्न किती, आणि मूल्यांकन करणारा विक्रेत्यापासून खरोखर स्वतंत्र आहे का. शेवटचा प्रश्न हिप्नोसिसच्या भागधारकांनी विचारला खरा, पण पाच वर्षांनी.