कैरों यांची आठ वर्षे

चंडीगडमधल्या प्रतापसिंग कैरों यांची सत्ता गेली ती चौकशीच्या एका अहवालाने.

अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठात शिकलेले कैरों जानेवारी 1956 मध्ये पंजाबचे मुख्यमंत्री झाले. चंडीगड ही नवी राजधानी त्यांच्याच काळात आकाराला आली. लुधियानाचे कृषी विद्यापीठ आणि चंडीगडची पीजीआय ही वैद्यकीय संस्था, दोन्ही 1962 मधल्या. एवढी दूरदृष्टी फार थोड्या मुख्यमंत्र्यांना लाभली.

पण घरच्यांच्या व्यवहारांवरचे आरोप वाढत गेले. पंतप्रधान नेहरूंचे बळ पाठीशी होते, तरी अखेर 1963 मध्ये माजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. मुलांनी आणि नातेवाइकांनी कैरोंच्या पदाचा गैरफायदा घेतल्याचा ठपका आयोगाने ठेवला. 27 मे 1964 रोजी नेहरू गेले आणि जूनमध्ये कैरोंनी राजीनामा दिला. पदावरच्या मुख्यमंत्र्याची अशी उघड झडती ही त्या काळात मोठीच गोष्ट होती, आणि तिचे मोल आजही मानायला हवे.

6 फेब्रुवारी 1965 रोजी दिल्ली–चंडीगड रस्त्यावर, सोनीपतजवळच्या रसोई गावापाशी, मोटारीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.