कालचे परके, आजचे द्वारपाल
अमेरिकेच्या स्थलांतरविषयक कायद्यांचा इतिहास आणि आपण

मिस्साचे हेतू नोंदवून घेताना अलीकडे एक हेतू वरचेवर आमच्या दृष्टीस पडतो : मुलाला अमेरिकेचा व्हिसा मिळावा, मुलीचे ग्रीनकार्ड लवकर व्हावे. असे हेतू आम्ही आनंदाने स्वीकारतो. मात्र हेच बंधुभगिनी बोलण्याच्या ओघात असेही म्हणतात, की आपली मुले कायद्याने गेली. जे चोरवाटेने शिरले त्यांना हाकलले तर त्यात वावगे ते काय?

प्रश्न रास्त आहे. न्याय्य कायद्याचे पालन करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्यच होय. परंतु तो कायदा वेळोवेळी कोणासाठी आणि कोणाविरुद्ध लिहिला गेला, हे जाणून घेतल्याखेरीज या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. म्हणून हा इतिहास संक्षेपाने वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यात कॅथलिकांचे स्थान मोठे आहे; आधी छळ सोसणारे म्हणून आणि पुढे, खेदाने नमूद करावे लागते, दार लावून घेणारे म्हणूनही.

आपणच परके होतो तेव्हा

अमेरिकेने १७९० साली नागरिकत्वाचा पहिला कायदा केला. त्यानुसार केवळ स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींनाच नागरिकत्व मिळू शकत होते. देशात प्रवेश करण्यावर मात्र त्या काळी केंद्र सरकारचे फारसे निर्बंध नव्हते आणि व्हिसाची अटही नव्हती. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने नष्ट झाले. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. त्यांतील बहुसंख्य कॅथलिक होते. जहाजातून उतरून त्यांनी अमेरिकेत पाऊल टाकले, एवढाच त्यांचा परवाना. ते कायद्याने आले असे आज म्हटले जाते; वस्तुतः मोडावा असा कायदाच जवळजवळ अस्तित्वात नव्हता.

त्यांचे स्वागत कसे झाले? आयरिश लोंढा वाढण्यापूर्वीच, १८३४ मध्ये, बोस्टननजीक चार्ल्सटाऊन येथील उर्सुलाइन धर्मभगिनींचा मठ जमावाने जाळला होता. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात संत मायकल आणि संत ऑगस्टीन ही दोन चर्चमंदिरे भस्मसात झाली. न्यूयॉर्कचे बिशप जॉन ह्यूज यांना आपल्या चर्चमंदिरांभोवती सशस्त्र पहारे बसवावे लागले. पुढच्या दशकात 'नो नथिंग' या नावाने ओळखला जाणारा राजकीय पक्ष उदयास आला. परदेशातून आलेल्यांना नागरिकत्वासाठी एकवीस वर्षे थांबवावे, अशी त्याची मागणी होती. कॅथलिक लोक रोमच्या पोपना मानतात, तेव्हा ते या देशाशी एकनिष्ठ राहूच शकत नाहीत, हा त्या पक्षाचा मुख्य आक्षेप. हा सूर आपल्याही कानांना अगदी अनोळखी नाही.

पहिले बंद दार

यानंतर जे घडले ते अंतर्मुख करणारे आहे. १८६९ साली अमेरिकेचा पूर्व-पश्चिम लोहमार्ग पूर्ण झाला. त्याच्या पश्चिमेकडील भागासाठी चिनी मजुरांनी रक्ताचे पाणी केले होते. काम सरले, मंदी आली, आणि कॅलिफोर्नियात चिनी लोकांना घालवून द्या अशी हाकाटी सुरू झाली. तिचा गाजलेला पुढारी डेनिस कर्नी हा स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेला स्थलांतरित होता! १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली आणि चिनी लोकांना नागरिकत्वही नाकारले गेले. ही बंदी थेट १९४३ मध्ये उठली, तीही वर्षाला अवघ्या १०५ जणांपुरती.

१८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटावरील तपासणी केंद्र सुरू झाले. ते १९५४ मध्ये बंद होईपर्यंत सुमारे एक कोटी वीस लाख लोक तेथून आत आले. त्यांत इटली आणि पोलंडमधील गरीब कॅथलिकांचा मोठा भरणा होता. इटालियन धर्मभगिनी मदर काब्रिनी यांना चीनला जायचे होते. पोप लिओ तेरावे यांनी त्यांना पूर्वेकडे नव्हे, तर पश्चिमेकडे पाठविले. १८८९ मध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि आपल्या देशबांधवांसाठी त्यांनी शाळा, अनाथालये व रुग्णालये उभारली. १९४६ मध्ये त्यांना संतपद बहाल झाले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन नागरिक होत.

१९२४ च्या कायद्याने मात्र या लोकांनाही अटकाव केला. १८९० च्या जनगणनेत ज्या देशाचे जितके लोक होते, त्यांच्या दोन टक्के इतकाच त्या देशाचा वार्षिक कोटा ठरला. जुनी जनगणना मुद्दाम निवडली होती, कारण इटालियन आणि पोलिश लोकांची खरी रीघ त्यानंतर लागली होती. १९०१ ते १९१० या दशकात इटलीतून वीस लाखांहून अधिक लोक आले होते. आता तिचा वार्षिक कोटा चार हजारांच्याही खाली गेला. या कोट्याची झळ पुढे नाझींच्या छळातून निसटणाऱ्यांना बसली. १९३९ मध्ये 'सेंट लुई' जहाजावरील नऊशेहून अधिक निर्वासितांना, बहुतांशी ज्यूंना, क्यूबाने आणि अमेरिकेने उतरू दिले नाही. युरोपात परतलेल्या त्या प्रवाशांपैकी अडीचशेहून अधिक जण पुढे नाझींच्या संहारात बळी पडले.

आपण भारतीयही या कायद्यांतून सुटलो नव्हतो. १९१७ च्या कायद्याने आशियाच्या मोठ्या भागाला, भारतासह, बंदी घातली. भगतसिंग थिंड हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तरीही १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते 'गोरे' नाहीत म्हणून त्यांना नागरिकत्व नाकारले आणि त्या निकालाच्या आधारे इतर काही भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही काढून घेतले गेले. १९४६ मध्ये भारताला कोटा मिळाला : वर्षाला शंभर.

दोन आयरिश वंशज

१९५२ मध्ये कायद्याची फेररचना झाली. वंशाची अट गेली, पण देशवार कोटा राहिला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला. संसदेने तो डावलला. या कायद्याचे एक शिल्पकार सिनेटर पॅट मॅकॅरन हे आयरिश स्थलांतरितांचे पुत्र आणि कॅथलिक होते. दुसरे आयरिश वंशज राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी, तेही कॅथलिक. त्यांनी १९६३ मध्ये देशवार कोटा रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी त्यांची हत्या झाली, आणि ३ ऑक्टोबर १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली. पूर्वज एक, स्मृतीही एक. पण एकाने तिच्यातून भय घेतले, तर दुसऱ्याने करुणा.

आज आपली मुले ज्या दारातून आत जातात, ते दार १९६५ मध्ये उघडले. परंतु त्याच कायद्याने मेक्सिको आदी शेजारी देशांतून येणाऱ्यांवर प्रथमच वार्षिक मर्यादा घातली. त्याआधी, १९६४ च्या अखेरीस, मेक्सिकन शेतमजुरांना हंगामी कामासाठी आणण्याची योजनाही बंद झाली होती. मळ्यांना मजुरांची गरज होतीच. तोच मजूर त्याच मळ्यात येत राहिला. फरक इतकाच, की आता तो बेकायदा ठरला.

ख्रिस्तसभेची भूमिका

ख्रिस्तसभा सीमा नाकारीत नाही. तिचा धर्मशिक्षणग्रंथ दोन्ही बाजूंना कर्तव्ये सांगतो. संपन्न राष्ट्रांनी आपल्या ऐपतीप्रमाणे परक्यांना आश्रय द्यावा आणि आलेल्यांनी त्या देशाचे कायदे पाळावेत. पोप पायस बारावे यांनी १९५२ मध्ये इजिप्तला पळालेल्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासितांचा आदर्श म्हटले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या बिशपांनी सीमारक्षणाचा राष्ट्राचा अधिकार मान्य करूनही सरसकट सामूहिक हद्दपारीला विरोध दर्शविला. शिकागोत जन्मलेले पोप लिओ चौदावे यांनीही आपण स्थलांतरितांचे वंशज असल्याचे आवर्जून सांगितले आहे. परक्यावर जुलूम करू नका, असे परमेश्वराने इस्राएलला बजावले, तेव्हा त्याचे कारणही सांगितले : इजिप्तमध्ये तुम्हीही परकेच होता.

तेव्हा व्हिसासाठी मिस्साचा हेतू जरूर द्यावा. मात्र त्याच कागदावर, त्याखाली, ज्याच्यापाशी कोणताच कागद नाही अशाही एका माणसासाठी एक ओळ लिहावी. आणि मिस्सा संपवून घरी परतताना आपल्या गावात भाड्याची खोली शोधणारा एखादा परप्रांतीय मजूर भेटला, तर त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, अशी आमची नम्र विनंती आहे.