माळ ओसाड नसतो

मानोऱ्याहून पाहुण्यांना शेजारच्या कारंजा तालुक्यातल्या सोहोळला नेलं, की ते विचारतात, "यात जंगल कुठं आहे?" २००० साली जाहीर झालेलं हे काळविटांचं अभयारण्य जेमतेम अठरा चौरस किलोमीटरचं, झाडी विरळ, गवत फार. माझ्याही जुन्या कवितांत हा माळ ओसाडच आहे. चूक माझी! मंडळी, काळविटाचा सगळा भरवसा नजरेवर आणि धावण्यावर. दाट झाडीत दोन्ही निकामी. म्हणून हौसेनं तिथं झाडं लावू नयेत. वनखात्याच्या परवानगीनं सकाळी नाल्याच्या कडेनं मुकाट चालावं. पिळाच्या शिंगांचा काळा तो नर, बिनशिंगी बदामी त्या माद्या. त्यांनी माना वर केल्या, की थांबावं. कळप पुन्हा चरू लागला, की मगच पुढचं पाऊल.