सावलीचा वाटा

मे २०१० मध्ये अहमदाबादवर उष्णतेची जी लाट आली तिने ना कुणाचे घर पाडले, ना साबरमतीला पूर आणला. २१ मे रोजी पारा ४६.८ अंश सेल्सिअसवर चढला, एवढेच. वादळाचा विध्वंस डोळ्यांना दिसतो. उष्म्याचा दिसत नाही. पुढे अभ्यासकांनी शहरातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या एका महिन्यात ४,४६२ माणसे दगावल्याचे आढळले. आगल्यामागल्या वर्षांच्या त्याच काळाशी तुलना करता हा आकडा १,३४४ ने अधिक होता.

ऊन सर्वांवर सारखेच पडते, अशी एक समजूत आहे. आकाशापुरती ती खरी आहे. जमिनीवर येताच ती खोटी ठरते. भोवतालची हवा शरीराइतकी तापली की घामाच्या बाष्पीभवनावाचून देहाला थंड होण्याचा दुसरा मार्ग उरत नाही. त्यासाठी पाणी हवे, वारा हवा आणि मधूनमधून विसावा हवा. विटा वाहणाऱ्या मजुराला यांपैकी विसावा सर्वांत महाग पडतो. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या कितीतरी स्त्रिया, जवळपास शौचकूप नाही म्हणून, दिवसभर जाणूनबुजून पाणी कमी पितात. रात्र झाली तरी सुटका नसते. दिवसभर तापलेली पत्र्याखालची खोली लवकर निवत नाही. बंगल्यातील वातानुकूल यंत्र आतली उष्णता बाहेर टाकते, तेव्हा ती गल्लीत निजलेल्या माणसाच्याच वाट्याला येते. जुन्या अहमदाबादच्या पोळींतील अरुंद गल्ल्या आणि चौक एकमेकांना सावली देत असत. नव्या वस्तीत सावली ही विकत घेण्याची वस्तू झाली आहे.

पृथ्वीच्या वाढत्या तपमानाबाबत राष्ट्राराष्ट्रांत जो वाद चालतो, त्याचे मूळही याच विषमतेत आहे. आज भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अमेरिकन माणसामागे सुमारे १४ टन. जबाबदारी सर्वांची, परंतु ती सारखी नव्हे, हे तत्त्व १९९२ साली रिओ येथे झालेल्या करारात मान्य झाले आणि भारताने ते सातत्याने पुढे मांडले. ते न्याय्यच आहे. मात्र जो हिशेब दोन राष्ट्रांमध्ये मांडावयाचा, तोच एका शहरातील बंगला आणि चाळ यांच्यामध्ये मांडण्यास कुणी सहसा उत्सुक नसतो. सरासरी काढली की चाळीचा धूर आणि बंगल्याचा धूर एक होऊन जातो!

अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्म्याला तोंड देण्याची योजना आखली. दक्षिण आशियातील अशा प्रकारची ती पहिली योजना होय. येणाऱ्या उष्णतेचा अंदाज आधी मिळवावयाचा, पिवळा, नारिंगी किंवा तांबडा इशारा द्यावयाचा, रुग्णालये सज्ज ठेवावयाची, पाणपोया वाढवावयाच्या, असे तिचे स्वरूप आहे. यात दिपवून टाकणारे काही नाही. शहरातील एका रुग्णालयात नवजात बालकांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणताच उष्म्याने आजारी पडणाऱ्या अर्भकांची संख्या घटली. २०१४ आणि २०१५ या वर्षांविषयीच्या एका अभ्यासाने, योजनेमुळे वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज बांधला आहे.

तरीही या योजनेतील एक गाठ सुटलेली नाही. दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, हा इशारा सर्वांच्या कानी पडतो. तो पाळणे मात्र सर्वांच्या आवाक्यातले नसते. मासिक वेतन घेणारा कारकून पंख्याखाली बसून तो पाळू शकतो. हातगाडीवाल्याने पाळला तर संध्याकाळची चूल पेटत नाही. त्याला इशाऱ्याचा अर्थ कळत नाही असे मुळीच नाही. तो अर्थ त्याला परवडत नाही. त्यातून, घरी बसावे म्हटले तर त्याचे घर रस्त्याहूनही अधिक तापलेले. म्हणून गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा, किरण परतवणारा लेप देण्याचे काम अहमदाबादेत हाती घेण्यात आले, आणि तेलंगणाने २०२३ साली अशा थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. चुन्याचा एक हात ही काही मोठी विद्या नव्हे. परंतु तो प्रथम कोणाच्या छपरावर फिरतो, यावर बरेच अवलंबून असते.

बुडालेल्या मजुरीचा प्रश्न उरतोच. १९७२ साली इला भट्ट यांनी अहमदाबादेत स्थापन केलेल्या ‘सेवा’ या श्रमिक स्त्रियांच्या संघटनेने त्यावर विम्याचा प्रयोग केला. तपमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की सभासद स्त्रीला रक्कम मिळावी; आजाराचा दाखला नको, पंचनामा नको. २०२३ मध्ये गुजरातेतील सुमारे २१,००० स्त्रिया यात सामील झाल्या. पण त्या उन्हाळ्यात पारा करारातील मर्यादेपर्यंत पोहोचला नाही आणि पैसे मिळाले नाहीत. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वेधशाळेचा तपमापक सावलीत, हवा खेळेल अशा पेटीत टांगलेला असतो; तो पत्र्याखाली शिवणयंत्र चालवणाऱ्या स्त्रीचा उष्मा मोजत नाही. पुढच्या वर्षी अटी बदलण्यात आल्या आणि पारा ४० अंशांवर गेला की थोडी रोख मदत देण्याची सोय झाली. राजस्थान आणि महाराष्ट्र यांतील स्त्रियाही आता योजनेत आल्या होत्या. २०२४ च्या उन्हाळ्यात ४६,००० हून अधिक जणींच्या हाती पैसे पडले. त्यांतील बहुतेकींना मिळाले ४०० रुपये, म्हणजे एखाद्या दिवसाची मजुरी भरून निघेल एवढे.