आधी कोष्टक, मग कोड

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव, मलकापूर, चिखलीच्या बाजार समित्यांतले सोयाबीनचे भाव दाखवणारा प्रोग्राम लिहायचा आहे, असे समजा. नवखा प्रोग्रामर तीन सुट्या याद्या करतो: बाजार, तारखा, भाव. तिन्हींतली सातवी ओळ एकाच व्यवहाराची, हे फक्त त्याच्या डोक्यात असते. एका यादीतली ओळ गळाली, की चिखलीचा भाव मलकापूरला चिकटतो आणि प्रोग्राम निमूट चालत राहतो. हे मला फार धोक्याचे वाटते. त्यापेक्षा ‘नोंद’ ही एकच रचना करावी. बाजार, तारीख, भाव तिच्यातच, नावानिशी. कोड वाचताच कळतो. फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये हेच मांडले: कोष्टके दाखवलीत, तर फ्लोचार्टची सहसा गरज पडत नाही.

बुलढाण्याच्या १३ तालुक्यांसाठी १३ ‘जर-तर’ही नकोत; नावावरून नोंद देणारा एक शब्दकोश पुरतो. नोंद शोधण्याची किल्ली मात्र जपून निवडा. नुसते ‘जळगाव’ म्हणजे जळगाव जामोद, की खानदेशातले जळगाव? गावांच्या पातळीवर तर पिंपळगाव राजा, पिंपळगाव काळे, पिंपळगाव सराई, सगळी याच जिल्ह्यात. तिथे २०११च्या जनगणनेतला गावाचा सहा अंकी संकेतांक किल्ली म्हणून घ्यावा आणि नाव नोंदीत ठेवावे.