सकर माशाचा माग

भीमेवरील उजनी जलाशयातील मच्छीमारांना सकर माशाची पहिली ओळख बहुधा फाटलेल्या जाळ्यातूनच होते. मूळचा दक्षिण अमेरिकेतील हा मासा शोभेच्या मत्स्यटाक्यांतून आपल्या जलाशयांत पोहोचला. अंगावर हाडांचे चिलखत, परांना टणक काटे. बाजारात मात्र मोल नाही. जठरावाटे हवेतील प्राणवायू घेत तो पाण्याबाहेरही तासन्‌तास तग धरतो. त्यामुळे काठावर टाकलेला मासा मेलाच, असे गृहीत धरू नये.

विणीसाठी तो काठाच्या मातीत बिळे खोदतो. बिळात दडलेला मासा जाळ्याला चुकतो. म्हणून सर्वेक्षण केवळ जाळ्यावर विसंबून चालत नाही. माशाच्या त्वचेतून व श्लेष्म्यातून पाण्यात मिसळणारा डीएनए पाणी गाळून तपासता येतो. मासा न दिसताही त्याचे अस्तित्व त्यातून उमगते. मात्र माशांची लांबी वा वय कळत नाही.

ती उणीव मच्छीमाराची नोंदवहीच भरून काढते: तारीख, ठिकाण, जाळ्याच्या आसाचा आकार, माशांची संख्या व लांबी. सकर न सापडलेल्या दिवशीही शून्य लिहावे (कंटाळा नेमका तेथेच होतो). त्या शून्यांवाचून मासा नव्या भागात केव्हा शिरला, हे ठरविता येत नाही. सापडलेला सकर मात्र पुन्हा पाण्यात सोडू नये.